आकाश टॅबलेटवरील ग्नू/लिनक्स

आकाश टॅबलेटवरील ग्नू/लिनक्स हे भारत सरकारच्या आकाश प्रकल्पातील दुसऱ्या पिढीच्या टॅबलेटवर, म्हणजे आकाश २ वर, मूळच्या अँड्रॉइडऐवजी ग्नू/लिनक्स ही संचालन प्रणाली चालवण्यासाठी मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मुंबई) झालेले पोर्टिंगचे काम होय. आकाश २ मध्ये ऑलविनर ए१३ ही चिप वापरलेली होती. हीच चिप हौशी तंत्रज्ञांसाठी बनवलेल्या काही सिंगल-बोर्ड संगणकांतही असल्यामुळे या टॅबलेटवरील काम आणि त्या संगणकांवरील पर्यायी संचालन प्रणालींचे काम एकमेकांशी निगडित राहिले. स्वस्त उपकरण विकत घेतल्यानंतर त्यावर कोणते सॉफ्टवेअर चालवायचे हे वापरणाऱ्याला कितपत ठरवता येते, या प्रश्नाचे हे एक बोलके उदाहरण आहे.

पोर्टिंगची संकल्पना

एका प्रकारच्या हार्डवेअरसाठी लिहिलेली संचालन प्रणाली दुसऱ्या हार्डवेअरवर चालेल अशी करणे याला पोर्टिंग म्हणतात. संचालन प्रणालीचा बहुतांश भाग, उदाहरणार्थ प्रक्रियांचे वेळापत्रक, फाइल प्रणाली किंवा नेटवर्कचे नियम, हार्डवेअरपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असतो. योग्य कंपायलर मिळाला की तो नव्या प्रोसेसरसाठी फारसा बदल न करता तयार होतो. खरे श्रम उरलेल्या लहान भागावर पडतात. यंत्र सुरू कसे होते, स्मृती कोठे आहे, पडदा कोणत्या तारांवर जोडलेला आहे, विजेचा पुरवठा कोणती चिप नियंत्रित करते, अशा प्रश्नांची उत्तरे या भागात द्यावी लागतात.

टेबलावरच्या नेहमीच्या संगणकात यांपैकी अनेक उत्तरे यंत्र स्वतःच देते. त्यातील फर्मवेअर संचालन प्रणालीला जोडलेल्या उपकरणांची यादी पुरवते आणि पीसीआय मार्गावरील कार्डे स्वतःची ओळख सांगतात. एआरएम प्रोसेसरवर आधारित स्वस्त टॅबलेट आणि सिंगल-बोर्ड संगणक यांत बहुधा अशी सोय नसते. स्पर्शपडद्याची चिप ज्या आयटूसी मार्गाला जोडलेली असते, त्या मार्गावर उपकरण स्वतःचे नाव सांगत नाही. त्यामुळे एकाच प्रोसेसरच्या दोन यंत्रांसाठीही हार्डवेअरचे वेगवेगळे वर्णन लिहावे लागते. ते वर्णन उत्पादकाने दिले नसेल तर ते शोधून काढावे लागते.

पार्श्वभूमी

आकाश प्रकल्प केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे राष्ट्रीय शिक्षण अभियानाचा भाग होता. पहिला आकाश टॅबलेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे तत्कालीन मंत्री कपिल सिबल यांच्या हस्ते सादर झाला. डेटाविंड कंपनीने पुरवलेल्या या टॅबलेटमध्ये ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि अँड्रॉइड २.२ होते. संथ गती आणि दाबून वापरावा लागणारा पडदा यांवर बरीच टीका झाली.

२०१२ मध्ये प्रकल्पाची जबाबदारी आयआयटी राजस्थानकडून आयआयटी मुंबईकडे आली. प्रा. दीपक फाटक हे तेथील आकाश प्रकल्पाचे प्रमुख होते. सुधारित आकाश २ चे अनावरण ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. त्यात १ गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती, ७ इंची स्पर्शपडदा आणि अँड्रॉइड ४.० होते.

आयआयटी मुंबईत त्या वेळी फॉसी हा शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा प्रकल्पही सुरू होता. सायलॅब, पायथन यांसारखी साधने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे उद्दिष्ट. ही साधने मुळात डेस्कटॉपवरील लिनक्ससारख्या प्रणालींसाठी लिहिलेली होती; अँड्रॉइडवर ती जशीच्या तशी चालत नव्हती. टॅबलेट केवळ चित्रफिती पाहण्यासाठी आणि पुस्तके वाचण्यासाठी न वापरता त्यावर विद्यार्थ्याला प्रोग्राम लिहिता आणि चालवता यावेत, या गरजेतून लिनक्सचा विचार पुढे आला.

दोन मार्ग

या गरजेवर दोन प्रकारची उत्तरे शोधली गेली. पहिल्यात अँड्रॉइड तसेच ठेवण्यात आले. अँड्रॉइडचा गाभा, म्हणजे कर्नल, मुळात लिनक्सचाच आहे. त्यामुळे त्याच कर्नलवर लिनक्सच्या नेहमीच्या फाइलींचा संच एका वेगळ्या निर्देशिकेत ठेवून 'सीएचरूट' पद्धतीने चालवता येतो. आकाश प्रोग्रामिंग लॅब हे अ‍ॅप या तत्त्वावर आधारलेले होते. त्यात सी, सी++, पायथन आणि सायलॅब यांतील प्रोग्राम लिहून टॅबलेटवरच चालवता येत.

दुसरा मार्ग संपूर्ण पोर्टिंगचा होता. यात अँड्रॉइड बाजूला ठेवून मायक्रोएसडी कार्डावरून थेट ग्नू/लिनक्स सुरू केले जाई. पहिला मार्ग सोपा असला तरी त्यात अँड्रॉइडचे स्वतःचे कार्यक्रम पार्श्वभूमीला स्मृती वापरत राहत. ५१२ मेगाबाइटच्या यंत्रात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. दुसऱ्या मार्गात सगळी स्मृती लिनक्सला मिळे, पण हार्डवेअरच्या प्रत्येक भागाची जबाबदारीही पोर्टिंग करणाऱ्यांवर येई. आयआयटी मुंबईच्या गटाने या दुसऱ्या मार्गासाठी लागणाऱ्या फाइली आणि कार्ड तयार करण्याच्या सूचना खुल्या भांडारात प्रसिद्ध केल्या.

ऑलविनर ए१३ आणि हौशी तंत्रज्ञांचे संगणक

ऑलविनर ही चीनमधील झुहाई येथील कंपनी. तिची ए१३ ही चिप २०१२ मध्ये बाजारात आली. एक कॉर्टेक्स-ए८ गाभा, माली-४०० चित्रप्रक्रियक आणि कमाल ५१२ मेगाबाइट स्मृती ही तिची मुख्य वैशिष्ट्ये. किंमत कमी ठेवण्यासाठी एचडीएमआय आणि साटा या सोयी तिच्यातून वगळलेल्या होत्या. अशा बहुतेक चिपांचे सांधे पोटाखाली गोळ्यांच्या रूपात असतात. ए१३ च्या कडांना मात्र १७६ पाय होते. त्यामुळे हौशी तंत्रज्ञाला ती हाताने डाग देऊन फलकावर बसवणे शक्य होते.

बल्गेरियातील प्लोव्दिव्ह येथील ओलिमेक्स या कंपनीने २०१२ मध्येच या चिपवर ए१३-ओलिनक्सिनो हा सिंगल-बोर्ड संगणक बनवला आणि त्याचे विद्युत आराखडे खुले केले. टॅबलेटमध्ये बंद असलेली चिप येथे उघड्या फलकावर, प्रत्येक तार दाखवणाऱ्या आराखड्यासह उपलब्ध झाली. ऑलविनरच्या चिपांसाठी लिनक्स तयार करणाऱ्या 'लिनक्स-सनशी' या स्वयंसेवकांच्या समूहाला अशा फलकांचा मोठा उपयोग झाला. तेथे उलगडलेली माहिती त्याच चिपच्या टॅबलेटांनाही लागू पडत होती. टॅबलेटमधील चिप कशी सुरू होते हे एकदा कळले की पडदा, स्पर्श आणि वीजपुरवठा यांपुरतेच वेगळे काम उरत असे.

सुरू होण्याचा क्रम

ए१३ ला वीज मिळाल्यावर चिपमध्येच कोरलेला एक छोटा प्रोग्राम, बूट रॉम, प्रथम चालतो. तो बदलता येत नाही. तो आधी मायक्रोएसडी कार्ड तपासतो, तेथे काही न मिळाल्यास अंतर्गत नँड फ्लॅश स्मृतीकडे वळतो. काहीच न मिळाल्यास 'फेल' नावाच्या अवस्थेत जाऊन यूएसबीवरून आज्ञांची वाट पाहतो.

हा क्रम पोर्टिंगसाठी निर्णायक ठरला. कार्ड घातले की लिनक्स आणि कार्ड काढले की नँडमधील मूळ अँड्रॉइड, अशी व्यवस्था त्यामुळे आपोआप झाली. टॅबलेटमधील काहीही पुसावे लागत नव्हते. प्रयोग फसला तरी यंत्र निकामी होण्याची भीती नव्हती. कार्ड काढून पुन्हा लिहिणे एवढाच उपाय होता. सार्वजनिक पैशातून दिलेल्या उपकरणावर विद्यार्थ्यांनी निर्धास्तपणे प्रयोग करावेत यासाठी ही गोष्ट महत्त्वाची होती. अनेक टॅबलेट आणि फोन यांत सुरुवातीचा प्रोग्राम उत्पादकाच्या डिजिटल सहीशिवाय काहीच चालवत नाही. तेथे हा मार्ग मुळातच बंद असतो.

कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइट अंतरावर बूट रॉमला एक ठरावीक खूण असलेला प्रोग्राम सापडावा लागतो. या टप्प्यावर बाहेरची स्मृती अद्याप चालू झालेली नसते, म्हणून हा प्रोग्राम चिपमधील अगदी लहान स्मृतीत मावावा लागतो. ए१३ वर त्याची मर्यादा २४ किलोबाइट आहे. डीडीआर३ स्मृती चालू करणे हे त्याचे मुख्य काम. तिची वेळमापने चुकली तर पुढचे काहीच चालत नाही आणि पडद्यावर कोणताही संदेश येत नाही. स्मृती चालू झाली की यू-बूट हा पूर्ण बूटलोडर तिच्यात भरला जातो. यू-बूट कार्डावरील पहिल्या विभागातून कर्नल आणि हार्डवेअरचे वर्णन उचलतो व ताबा कर्नलकडे देतो. कर्नल दुसऱ्या विभागातील फाइल प्रणाली जोडून घेतो आणि तेथून पुढे प्रणाली नेहमीच्या लिनक्ससारखी सुरू होते.

पडदा चालू होण्यापूर्वीचे दोष शोधण्यासाठी क्रमिक वाहिनीवर, म्हणजे सिरियल पोर्टवर, येणारे संदेश वाचावे लागतात. सिंगल-बोर्ड संगणकावर त्यासाठी पिना काढून दिलेल्या असतात. टॅबलेटमध्ये मात्र कवच उघडून सूक्ष्म सांध्यांना तारा जोडाव्या लागतात. ऑलविनरच्या चिपांत कार्डाच्या खाचेतील दोन संपर्कांवरूनही हे संदेश बाहेर काढता येतात; परंतु त्या वेळी त्या खाचेतून कार्ड वापरता येत नाही.

हार्डवेअरचे वर्णन

ऑलविनरने आपल्या कर्नलसाठी 'फेक्स' नावाची वर्णनपद्धती वापरली होती. ही एक साधी मजकूर-फाइल असून तिच्यात कोणती पिन कोणत्या कामाची, पडद्याची रुंदी व उंची किती, स्पर्शपडद्याची चिप कोणती, बॅटरी किती क्षमतेची अशा नोंदी असतात. तिचे द्विमान रूप टॅबलेटच्या नँड स्मृतीत आधीपासूनच असते. लिनक्स-सनशी समूहाच्या साधनांनी ते बाहेर काढून पुन्हा वाचनीय मजकुरात बदलता येते. म्हणजेच उत्पादकाने आराखडा दिला नाही तरी त्याचा मोठा भाग यंत्रातूनच वाचता येत होता.

लिनक्सच्या अधिकृत कर्नलने ही पद्धत स्वीकारली नाही. तेथे 'डिव्हाइस ट्री' ही सर्व उत्पादकांना समान असलेली पद्धत रूढ होत होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ३.८ मध्ये ए१० आणि ए१३ यांना प्राथमिक आधार मिळाला. ए१३ साठी त्यात आलेले वर्णन ओलिनक्सिनो फलकाचे होते. खुला आराखडा असलेले हौशी यंत्र अधिकृत कर्नलमध्ये आधी पोहोचले, ते असे.

या प्राथमिक आधारात पडदा किंवा स्पर्श यांची सोय नव्हती. त्यामुळे टॅबलेट वापरण्याजोगा करायचा तर ऑलविनरच्या अँड्रॉइड कर्नलवर आधारित ३.० किंवा ३.४ या जुन्या शाखांवरच काम करण्यावाचून पर्याय नव्हता.

ड्रायव्हर आणि अडथळे

पडद्याचे काम तुलनेने सरळ होते. ८०० गुणिले ४८० बिंदूंच्या चित्रासाठी प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास सुमारे १५ लाख बाइट लागतात. ही स्मृती राखून ठेवून तिचा पत्ता चिपमधील प्रदर्शन-नियंत्रकाला दिला की चित्र उमटते. परंतु ऑलविनरचे कर्नल याखेरीज चित्रफिती उलगडणाऱ्या घटकासाठी मूलतः ८० मेगाबाइट स्मृती वेगळी राखून ठेवत असे. प्रोग्रामिंगसाठीच्या प्रणालीत त्या घटकाचा उपयोग नसल्यास ही स्मृती कर्नलला सुरुवातीची सूचना देऊन परत मिळवता येई. एकूण ५१२ मेगाबाइटमध्ये हा जवळपास सहावा हिस्सा होतो.

स्पर्शपडदे आणि वाय-फाय चिपा यांबाबत स्वस्त टॅबलेटांत एकवाक्यता नसते. वरून सारखी दिसणारी दोन यंत्रे आत वेगळी असू शकतात आणि प्रत्येक चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो.

सर्वांत मोठा अडथळा माली-४०० चा होता. त्याचा अँड्रॉइडवरील ड्रायव्हर केवळ द्विमान रूपात मिळे आणि तो अँड्रॉइडच्या बायोनिक या सी लायब्ररीवर अवलंबून असे. ग्नू/लिनक्समध्ये वेगळी लायब्ररी असल्याने तो थेट चालत नाही. त्यामुळे डेस्कटॉपचे चित्रण मुख्यतः प्रोसेसरवरच करावे लागे. मालीचे कार्य उलगडून मुक्त ड्रायव्हर लिहिण्याचा लिमा हा प्रकल्प २०१२ मध्ये जाहीर झाला होता, पण तो अधिकृत लिनक्समध्ये येण्यास २०१९ उजाडले.

नँड स्मृतीचा प्रश्नही असाच होता. तिच्यावरील मांडणी ऑलविनरच्या खासगी पद्धतीची होती. अधिकृत कर्नलला ती वाचता येत नसल्याने लिनक्स अंतर्गत स्मृतीत कायमचे बसवण्यापेक्षा कार्डावरून चालवणेच व्यवहार्य ठरले.

कर्नलच्या वरचा थर

कर्नल चालू झाल्यानंतरचे काम बरेच सोपे असते, कारण डेबियन आणि उबुंटू यांनी हजारो सॉफ्टवेअर संच एआरएमसाठी आधीच तयार ठेवलेले असतात. या काळात या दोन्ही वितरणांत एआरएमची 'हार्ड-फ्लोट' आवृत्ती रुजत होती. जुन्या पद्धतीत अपूर्णांकी संख्या एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे देताना त्या पूर्णांकांच्या नोंदवह्यांतून फिरवाव्या लागत. नव्या पद्धतीत त्या थेट गणन-एककाच्या नोंदवह्यांतून जातात. सायलॅबसारख्या अंकगणितावर आधारित साधनाला याचा लाभ होतो. कॉर्टेक्स-ए८ हा एआरएमव्ही७ पिढीचा असल्याने ए१३ ला हे तयार संच जसेच्या तसे वापरता आले. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या रास्पबेरी पाय संगणकाचा प्रोसेसर आधीच्या एआरएमव्ही६ पिढीचा होता. म्हणून त्याच्यासाठी डेबियनचे सर्व संच पुन्हा कंपाइल करून रास्पबियन हे वेगळे वितरण बनवावे लागले.

मराठीच्या दृष्टीनेही हा थर महत्त्वाचा आहे. देवनागरीतील जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार योग्य जागी बसवण्याचे काम कर्नलचे नसून हार्फबझसारख्या अक्षररचना-लायब्ररीचे आणि फाँटचे असते. पहिल्या आकाशवरील अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरीची योग्य सोय नव्हती, अँड्रॉइड ४.० पासून ती मिळू लागली. डेस्कटॉपवरील लिनक्समध्ये मात्र लोहित देवनागरीसारखे मुक्त फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून होते. ही साधने प्रोसेसरवर अवलंबून नसल्याने लिनक्स नव्या यंत्रावर चालू झाले की त्यासोबत मराठी वाचण्याची आणि लिहिण्याची सोयही वेगळ्या श्रमांशिवाय येते.

परवाना आणि माहितीची उपलब्धता

लिनक्स कर्नल ग्नू सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिला जातो. या परवान्यानुसार कर्नलसह उपकरण विकणाऱ्याने त्या कर्नलचा स्रोत ग्राहकाला मागणीनुसार द्यावा लागतो. पोर्टिंगची शक्यता या अटीवर बरीच अवलंबून असते. ऑलविनरने दिलेला स्रोत अपुरा असल्याची आणि त्यात बंद द्विमान भाग मिसळलेले असल्याची टीका लिनक्स-सनशी समूहाने वेळोवेळी केली. स्रोत मिळाला तरी चिपच्या नोंदवह्यांचे अर्थ सांगणारी पुस्तिका नसेल, तर ड्रायव्हर दुरुस्त करणे अंदाजावर चालते. हार्डवेअर स्वस्त असणे आणि ते खुले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आकाशच्या निमित्ताने दिसून आले.

इतर पर्यायी प्रणाली

ए१३ वर लिनक्सखेरीज फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी या युनिक्स कुळातील प्रणालीही पुढे चालू लागल्या. लिनक्सशी नाते नसलेल्या प्रणालींचे उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीची रिस्क ओएस. ती १९८० च्या दशकात एआरएम प्रोसेसरसोबतच विकसित झाली. बीगलबोर्ड या कॉर्टेक्स-ए८ वरील हौशी संगणकावर ती २००९ मध्ये आणि रास्पबेरी पायवर २०१२ मध्ये आणण्यात आली. तिच्या रचनेत हार्डवेअरवर अवलंबून असलेला भाग एका वेगळ्या थरात ठेवलेला असल्याने नव्या फलकासाठी मुख्यतः तो थरच नव्याने लिहावा लागतो. मात्र ही प्रणाली ३२-बिट सूचनासंचावर अवलंबून आहे. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मधील कॉर्टेक्स-ए७६ प्रोसेसर ३२-बिट सूचना केवळ सामान्य प्रोग्रामांसाठी स्वीकारतो, संचालन प्रणालीच्या गाभ्यासाठी नाही. त्यामुळे रिस्क ओएस तेथे थेट चालू शकत नाही.

प्रकल्पाची अखेर आणि नंतरचा काळ

आकाश प्रकल्प ३१ मार्च २०१५ रोजी बंद झाला. एक लाख टॅबलेटांची खरेदी आणि ३०० हून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालयांतील चाचणी ही उद्दिष्टे पूर्ण झाल्याचे आयआयटी मुंबईने माहितीच्या अधिकारातील उत्तरात कळवले.

ए१३ चे आयुष्य मात्र तेथे संपले नाही. २०१५ मध्ये चिप नावाचा ९ डॉलरचा सिंगल-बोर्ड संगणक जाहीर झाला. त्यातील आर८ ही मूलतः ए१३ चीच आवृत्ती होती. त्यासाठी झालेल्या कामातून जुलै २०१६ च्या लिनक्स ४.७ मध्ये या चिपच्या प्रदर्शन-नियंत्रकाचा अधिकृत ड्रायव्हर आला. चित्रफिती उलगडणाऱ्या घटकाचा मुक्त ड्रायव्हर डिसेंबर २०१८ मधील ४.२० मध्ये आणि मालीचा २०१९ मधील ५.२ मध्ये समाविष्ट झाला. आकाशवर लिनक्स चालवताना ज्या उणिवा जाणवल्या, त्यांतील बहुतेकांची उत्तरे अशा रीतीने प्रकल्प बंद झाल्यानंतर एक ते चार वर्षांत मिळाली.

आकाश २ सोबत आलेले अँड्रॉइड ४.० कालबाह्य झाले असून त्यावर सुरक्षाविषयक सुधारणा येत नाहीत. उलट ए१३ चा आधार अधिकृत लिनक्समध्ये टिकून राहिला. अधिकृत कर्नलमध्ये शिरलेला ड्रायव्हर एखाद्या कंपनीच्या किंवा प्रकल्पाच्या मुदतीवर अवलंबून राहत नाही. कर्नलमध्ये बदल करणाऱ्यांना तोही सांभाळावा लागतो. जुन्या शाखेवर उभे केलेले पोर्टिंग मात्र त्या शाखेसोबतच थांबते. आकाशवरील ग्नू/लिनक्स या दुसऱ्या प्रकारात मोडते. पण ज्या चिपवर ते उभे होते, ती पहिल्या प्रकारात जाऊन पोहोचली.